लेकराच्या हातातला मोबाईल : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागातल्या एका खेड्यात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, केवायसी अशा कामांना लोक येतात. काम होतं, पावती हातात पडते, तरी बरेच जण लगेच उठत नाहीत. मागे कोणी उभं आहे का ते बघतात आणि हळूच विचारतात, “ताई, पोट्ट्याच्या मोबाईलचं काही करता येते का?” तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदा नीट लिहून ठेवायचं ठरवलं. प्रश्न शक्यतो लोकांच्याच बोलीत ठेवले आहेत.

पॅरेंटल कंट्रोल म्हणजे नेमकं काय असते?

लेकराने किती वेळ फोन बघायचा, कोणतं ॲप टाकायचं, कोणत्या वेबसाइट उघडायच्या आणि फोनवरून पैसे खर्च करायचे की नाही, हे पालकाला ठरवू देणारी सोय. ती कधी वेगळं ॲप म्हणून येते, कधी फोनमध्येच असते. काहींत फोन कुठे आहे तेही दिसतं. मित्राच्या फोनवर काय बघितलं, बसस्टँडवर कोणी काय दाखवलं, हे मात्र कोणतंच ॲप सांगू शकत नाही.

एका शब्दात सांगा ताई, कोणतं टाकू?

लेकराचा स्वतःचा अँड्रॉइड फोन असेल तर गूगलचं फॅमिली लिंक. फुकट आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांना तेवढं पुरतं. आयफोन असेल तर त्यातलंच स्क्रीन टाइम, विंडोजचा लॅपटॉप असेल तर मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी. घरात सगळ्यांमध्ये मिळून एकच फोन असेल तर यातलं काहीच टाकू नका, त्याचं उत्तर पुढे वेगळं दिलं आहे.

पण ॲप निवडण्याआधी पुढचा प्रश्न वाचा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ घरांत खरी अडचण तिथे असते.

आमच्या फोनमधलं खातं आमचंच तर आहे, त्यात काय पाहायचं?

बघून घ्या. मागच्या वर्षी कापूस विकून झाल्यावर एक काका आले. पैसे जमा झाल्याचा मेसेज दिसत नव्हता. फोन हातात घेतला, प्ले स्टोअर उघडलं आणि उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवलं. तिथे काकांचं नाव नव्हतं. त्यांच्या नववीतल्या मुलाने गेममध्ये घेतलेलं नाव होतं, जन्मसाल १९९६ टाकलेलं. पासवर्ड विसरला तर कोड ज्या नंबरवर येणार, तो नंबर पुतण्याचा. बँकेचं ॲप, फोटो, सगळ्यांचे नंबर त्या खात्यावर. काका म्हणाले, “मले तं वाटलं फोन माह्या नावावर हाये म्हणजे सगळंच माह्या नावावर हाये.”

फोन घेताना दुकानदार किंवा घरातलं पोरगंच पटकन खातं काढून देतं. वय मोठं टाकलं की पुढे काही अडत नाही, म्हणून मोठंच टाकतात. त्या खात्याच्या दृष्टीने तुमचं बारा वर्षांचं लेकरू तीस वर्षांचा माणूस असतं, आणि यूट्यूबपासून इन्स्टाग्रामपर्यंत सगळे त्याला त्याच हिशोबाने माल दाखवतात. तुम्ही वरून कितीही चांगलं ॲप टाका, खालचं खातं मोठ्या माणसाचं असेल तर अर्धं काम वाया जातं.

म्हणून आधी तीन गोष्टी करा. तुमचं स्वतःचं जीमेल खातं, ज्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे आणि ज्याला तुमचाच मोबाईल नंबर जोडला आहे. लेकराचं वेगळं खातं, खऱ्या जन्मतारखेचं. आणि फोनच्या लॉकचा नवा पिन, जो लेकराने टाकून दिलेला नाही. लिहिता येत नसेल तर पिन घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून ठेवा, पण मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका. ते कव्हर लेकरंच उघडतात.

घरात एकच मोबाईल हाये. दिवसा याच्या बाबासंग वावरात जाते, संध्याकाळी पोट्टे घेतात. मग?

ही आपल्याकडची सगळ्यात जास्त भेटणारी परिस्थिती, आणि जाहिरातीतली ॲप्स तिच्यासाठी बनलेलीच नाहीत. बापाच्या फोनला “लेकराचा फोन” करून टाकलं तर रात्री नऊला बापाचाच फोन बंद पडेल.

आधी फोन कोणत्या कंपनीचा आहे ते बघा. सॅमसंगमध्ये सॅमसंग किड्स असतं. ओप्पो-रिअलमीच्या बऱ्याच फोनमध्ये किड स्पेस आणि विवोमध्ये किड्स मोड असतो. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंड स्पेस असते, म्हणजे एकाच फोनात दुसरी खोली, वेगळ्या पिनची. त्यात लेकराला लागणारी तीन-चार ॲप्स ठेवायची आणि संध्याकाळी तीच खोली उघडून द्यायची. बँक, फोटो, मेसेज सगळं पहिल्या खोलीत कुलूपबंद राहतं.

असं काहीच नसेल तर ॲप पिन करण्याची सोय शोधा. सेटिंग्जमध्ये सुरक्षिततेच्या भागात असते. दीक्षा (सरकारचं अभ्यासाचं ॲप) किंवा यूट्यूब किड्स उघडून पिन केलं की फोनचा पिन टाकल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. पहिली-दुसरीच्या लेकरांना हे फार छान चालतं.

मोठ्या मुलांसाठी खाजगी डीएनएस लावा, म्हणजे फोन वेबसाइटचा पत्ता ज्या सेवेला विचारतो ती सेवा बदला. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क विभागात मिळतं. तिथे इंग्रजी अक्षरांत “फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम” असा पत्ता टाकला की अश्लील आणि घातक वेबसाइट बऱ्यापैकी अडतात. हे फुकट आहे, फोन मंद होत नाही आणि बापालाही काही अडचण येत नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामच्या आत काय दिसतं ते हे अडवत नाही. आणि एखाद्या दिवशी टॉवरची दांडी दिसते पण काहीच उघडत नाही असं झालं तर आधी हेच बंद करून बघा. सेटिंग्जला ॲप लॉक लावायला विसरू नका, नाहीतर लेकरू तो पत्ता दोन मिनिटांत पुसून टाकतं.

प्ले स्टोअरमध्येही पालक नियंत्रणाचा पिन असतो. १२+ निवडलं की त्यावरच्या वयाची ॲप्स तिथून टाकता येत नाहीत. आधीपासून फोनात असलेली तशीच राहतात, ती हाताने काढा.

फॅमिली लिंक लावायचं कसं?

शेजारी बसून वीस मिनिटं लागतात. दोन्ही फोन चार्ज पाहिजेत, दोन्हीवर नेट पाहिजे आणि लेकरू समोर पाहिजे.

तुमच्या फोनवर फॅमिली लिंक टाका आणि तुमच्या खात्याने उघडा. तिथूनच लेकराचं खातं खऱ्या जन्मतारखेने काढा. मग लेकराच्या फोनमधली जुनी खाती काढून हे नवं टाका. १३ च्या पुढचं लेकरू असेल आणि त्याचं खातं आधीच असेल तर देखरेख जोडायला त्याचीही संमती लागते. फोन ओढून घेऊन हे होत नाही, बोलूनच होतं.

आता तुमच्या फोनवर लेकराचं नाव दिसेल. मी बहुतेकांना चारच गोष्टी लावून देते. रात्रीची बंद वेळ, साधारण नऊ ते सकाळी सहा. नवीन ॲप टाकायला तुमची परवानगी. क्रोममध्ये अश्लील वेबसाइट बंद आणि गूगलचं सेफसर्च (शोधात घाणेरडं लपवणारी सोय) चालू. आणि रोजची एकूण वेळ. वेळ संपली की फोन लॉक होतो, पण आलेला फोन उचलता येतो आणि संकटाच्या वेळी मदतीचा नंबर लावता येतो. हे सांगितलं की आयांचा जीव भांड्यात पडतो, कारण “वावरातून फोन केला आन् पोरीनं उचलला नाही तं?” ही भीती खरी असते.

पहिल्याच दिवशी सगळं आवळू नका. दिवसाला पाच तास बघणाऱ्याला एकदम अर्धा तास दिला तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच वैतागून ॲप काढून टाकाल. असं मी कितीतरी घरांत बघितलं आहे. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीची वेळ लावा आणि किती वेळ कशात जातो ते बघा. मग हळूहळू खाली आणा.

आमच्याकडे नेट कधी येते, कधी जाते. चालते का मग?

चालतं. एकदा लावलेली वेळ फोनातच बसलेली असते, त्यामुळे नेट गेलं तरी बंद वेळ लागू राहते. पण तुम्ही वावरातून काही बदललं तर ते लेकराच्या फोनला नेट आल्यावरच पोचेल. फोन कुठे आहे तेही नेट असल्यावरच दिसतं. मध्येच फोन उघडून द्यायची वेळ आली तर फॅमिली लिंकमध्ये पालकाचा ॲक्सेस कोड असतो, तो नेटशिवायही चालतो. कोड लेकराच्या नजरेआड टाका.

पैसे देऊन घेतलेलं जास्त चांगलं नसते का?

नेहमी नाही. नॉर्टन फॅमिली, क्वस्टोडिओ, कॅस्परस्की सेफ किड्स ही नावाजलेली आहेत. त्यांत वेबसाइटचे प्रकार जास्त बारकाईने निवडता येतात, अहवाल सविस्तर असतात, आणि फोन व लॅपटॉप दोन्ही एकाच ठिकाणी सांभाळता येतात. अमरावती-नागपूरला शिकणाऱ्या मुलाकडे लॅपटॉप आणि मोबाईल दोन्ही असेल तर विचार करा. गावात एकाच फोनासाठी मी कोणालाच पैसे भरायला लावलेले नाहीत.

घ्यायचंच असेल तर वर्ष संपल्यावर आपोआप पैसे कापणार का, ते आधी विचारा. फुकटची मुदत असते तेवढे दिवस तुमच्याच फोनवर चालवून बघा. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर अशी ॲप्स फोन रडवतात. शिवाय स्वस्त फोनांची एक खोड असते. बॅटरी वाचवायला ते मागे चालणारी ॲप्स गुपचूप मारून टाकतात. तुम्हाला वाटतं पहारा चालू आहे, पण तो दुपारीच झोपलेला असतो. त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये “निर्बंध नाही” द्यावं लागतं. फॅमिली लिंक अँड्रॉइडच्या मुळाशीच जोडलेलं असल्यामुळे सहसा असं मरत नाही.

त्याचं व्हॉट्सॲप मले माह्या फोनवर वाचता येईन असं काही टाकून द्या ना.

नाही देणार, आणि दुसऱ्या कोणाकडूनही घेऊ नका. व्हॉट्सॲपचे मेसेज दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात, चांगलं पालक ॲप ते वाचत नाही. “गुपचूप सगळं दिसेल” म्हणणारी फाइल प्ले स्टोअरवर मिळत नाही, कोणीतरी व्हॉट्सॲपवर एपीके म्हणून, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप म्हणून, पाठवतं. ती टाकली की तुमचेच ओटीपी आणि बँकेचे मेसेज तिसऱ्याच माणसाकडे जाऊ शकतात. लग्नपत्रिका, किसान योजनेची यादी, गाडीचं चलान अशा नावांनी एपीके पाठवून खाती रिकामी करायचा धंदा चालतो, तीच ही जात. सेटिंग्जमध्ये “अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा” हा भाग उघडून व्हॉट्सॲप, क्रोम सगळ्यांची परवानगी बंद करा. लेकरू घरात असो नसो, हे आजच करा.

व्हॉट्सॲपच्या आत मात्र बरंच करता येतं. ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनी टाकावं, अनोळखी कॉल मुके व्हावेत, फोटो-व्हिडिओ आपोआप उतरू नयेत, या तीन गोष्टी लेकराच्या देखत लावा. गावातल्या क्रिकेटच्या ग्रुपवर मोठी माणसं काय काय टाकतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याच ग्रुपवर सातवीतली मुलं असतात. व्हॉट्सॲपच्याच नियमाने १३ वर्षांखालच्या लेकराला स्वतःहून खातं काढता येत नाही.

इन्स्टाग्राम?

भारतात फेब्रुवारी २०२५ पासून १८ खालच्यांसाठी टीन अकाउंट सुरू झालं आहे. खातं आपोआप खाजगी राहतं, रात्री १० ते सकाळी ७ सूचना शांत राहतात, आणि १६ खालच्या मुलाला हे सैल करायला पालकाची परवानगी लागते. पण वय खोटं टाकलेलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. खात्याचा प्रश्न इथेही आडवा येतो.

यूट्यूबचं काय? आमचं तीन वर्षांचं लेकरू त्याशिवाय जेवतच नाही.

दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि पाच ते दहा वर्षांत २ तासांपेक्षा कमी, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते. जेवताना तर नकोच.

फोन द्यावाच लागला तर साधं यूट्यूब देऊ नका. यूट्यूब किड्स टाका, त्यात “पालकाने निवडलेलंच” असा पर्याय घ्या आणि शोधायची सोय बंद करा. वीस गाणी-गोष्टी निवडून ठेवा. त्यात टाइमर आहे, वेळ संपली की ॲप स्वतःच बंद होतं आणि शिव्या तुम्हाला बसत नाहीत. मोठ्या मुलांच्या यूट्यूबमध्ये आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद करा आणि प्रतिबंधित मोड चालू करा. शॉर्ट्सवर मात्र माझ्याकडे रोजच्या वेळेची मर्यादा सोडून पक्का उपाय नाही. बोट वर सरकत राहतं आणि सोयाबीनच्या व्हिडिओखाली काय येईल याचा नेम नसतो.

हे फिल्टर मराठी समजतात का?

कमी. मी स्वतः करून पाहिलं. इंग्रजीत लिहिलेला घाणेरडा शब्द अडला, तोच अर्थ वऱ्हाडीत लिहिला तर सरळ पुढे गेला. चित्रं आणि माहीत असलेल्या वेबसाइट अडतात, पण आपल्या भाषेतल्या शिव्या, टोमणे, जातीवरून चिडवणं यातलं बरंच निसटतं. ते तुम्हालाच ऐकावं लागेल. संध्याकाळी मुलगा फोन ठेवून गप्प बसला असेल तर “काय झालं?” एवढं विचारायला कोणतंही ॲप लागत नाही.

गेममध्ये पैसे गेले. पोरानं पिन कसा काय मिळवला?

आमच्याच घरचं सांगते. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना सासऱ्यांच्या फोनवरून एका गेममध्ये चार दिवसांत १,८४० रुपये गेले. पिन त्याने चोरला नव्हता. आजोबांना ते बारके आकडे दिसत नाहीत. किराणा दुकानात फोन हातभर लांब धरायचे, मग नातवाकडे सरकवायचे, “टाक बाप्पा तूच.” दोन वर्षं रोज तोच पिन टाकत होता. त्या दिवशी मी त्याच्यावर खूप ओरडले. रात्री तो म्हणाला, “मले वाटलं ते आपलेच पैसे हायेत.” आम्ही त्याला घराचा खजिनदार केलं होतं आणि खर्च कोणाचा हे कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते : यूपीआयचा पिन बदला आणि नवा लेकराला देऊ नका, दुकानात दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील. आजी-आजोबांच्या फोनचे आकडे मोठे करून द्या. यूपीआय लाइट चालू आहे का बघा, कारण त्यात १,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागतच नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादी उघडा, तिथे गेमची महिन्याची वर्गणी बसलेली सापडते. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा.

पैसे नुकतेच गेले असतील तर प्ले स्टोअरच्या खरेदीच्या यादीतून परतावा मागून बघा. अनोळखी माणसाने फसवून काढले असतील तर वेळ घालवू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा देशात ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे. तरी कोणी “लिंक पाठवतो, खेळ” म्हणत असेल तर तो सरळ फसवतो आहे असं समजा.

पोट्टे आपल्यापेक्षा हुशार हायेत. पळवाट काढतीनच ना?

काढतात. फोनात दुसरं खातं टाकतात, पाहुणा वापरकर्ता उघडतात, घड्याळ मागे करतात, मित्राकडून दुसरा ब्राउझर घेतात, काही तर फोनच पुसून नवा करतात. फॅमिली लिंक यातल्या बऱ्याच वाटा बंद करतं, आणि देखरेख काढली गेली तर तुम्हाला कळवतं. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, फोन हातात घेऊन ॲप्सची यादी आणि वापरलेला वेळ बघा. एखादं कॅल्क्युलेटर दोन-दोन असेल तर उघडून बघा. फोटो लपवायची ॲप्स असाच वेश घेतात.

पळवाट सापडली की मारू नका. कशी काढली ते त्यालाच दाखवायला सांगा. माझ्याकडच्या निम्म्या युक्त्या मी अशाच शिकले.

लेकराले सांगून लावावं का न सांगता?

सांगून. गुपचूप लावलेलं महिनाभरात कळतंच. मग ते काहीच सांगत नाही, आणि खरा धोका आला की तेव्हाही सांगत नाही.

पोरीले कोणी फोटोवरून धमकावून राह्यलं तं काय करावं?

हा प्रश्न मोठ्याने कोणीच विचारत नाही. एकदा एक मुलगी झेरॉक्स काढायच्या निमित्ताने तीन दिवस येत राहिली. तिसऱ्या दिवशी केंद्रात कोणी नव्हतं, तेव्हा फोन पुढे केला. तिला धमकी देणाऱ्यापेक्षा घरी कळण्याची भीती जास्त होती. “फोन घेतीन, शाळा बंद करतीन, लग्न लावून देतीन,” हे तिने एका दमात सांगितलं.

म्हणून आई-बापांना हात जोडून सांगते, चूक पोरीची असली तरी शाळा बंद करू नका. फोनही त्या क्षणी हिसकावू नका. आपल्याकडे सगळे निर्बंध पोरींच्याच फोनवर आणि पोराचा फोन मोकळा, आणि धमकावणारा बऱ्याचदा तसाच कोणाचा तरी मोकळा सोडलेला पोरगा असतो. ॲप लावायचं तर दोघांच्याही फोनवर लावा.

काय करायचं : मेसेज आणि नंबर पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, लेकरू स्वतःही फोन करू शकतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते. ठाणं आपल्या हद्दीतलं नसलं तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा जो पोक्सो कायदा, २०१२ आहे, त्यात मुलाची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, ती १८ खालच्यांचे असे फोटो इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या ठिकाणांवरून हटवायला मदत करते. त्यासाठी फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो.

आणि पुरावा म्हणून तो फोटो मामाला, काकाला, सरपंचाला पाठवू नका. अल्पवयीन मुलांचे असे फोटो पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फोन घेऊन ठाण्यात जा, तिथे दाखवा.

उन्हाळ्यात काय करावं? दिवसभर घरातच असतात.

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात आणि मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अकरा ते पाच लेकरू बाहेर जाऊ शकत नाही, आणि त्याच वेळी आई-बाप दमून पडलेले असतात. शहरातल्या मोजमापाने “रोज एक तास” म्हणणं इथे टिकत नाही. मी उन्हाळ्याचं वेगळं वेळापत्रक लावून देते : दुपारी दोन तास, दोन तुकड्यांत, आणि संध्याकाळी पाचनंतर काहीच नाही. ऊन उतरलं की अंगण मोकळं असतं. फॅमिली लिंकमध्ये प्रत्येक वाराची वेळ वेगळी लावता येते.

गावानंच बंदी घातली तं?

पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. मला भोंग्याची वाट जास्त पटते, कारण त्यात मोठ्यांनाही फोन ठेवावा लागतो. पूर्ण बंदीत लेकरू चोरून बघतं, आणि चोरून बघताना काही वाईट घडलं तर सांगायला जागा उरत नाही. ग्रामसभेत विषय काढायचा असेल तर दीड तासापासून काढा.

पोरगं आश्रमशाळेत किंवा तालुक्याले खोली करून राह्यते.

फॅमिली लिंक दुरूनही चालतं. पण वसतिगृहात एकाच्या फोनभोवती दहा जण असतात. तिथल्या नियमांबद्दल गृहपालांशी बोला आणि वसतिगृहाची व ॲपमधली फोन बंदची वेळ एकच ठेवा.

कायदा आमच्या बाजूनं हाये का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ खालचं प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायला कंपन्यांना पालकाची खात्रीशीर संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतात. तुम्ही जे पालक ॲप निवडाल तेही लेकराची माहिती घेतंच, म्हणून नाव-गाव नसलेल्या कंपनीचं घेऊ नका.

तुमच्याकडे यायचं तं काय काय आणू?

दोन्ही फोन, पूर्ण चार्ज करून. तुमच्या जीमेलचा पासवर्ड, तो आठवत नसेल तर जीमेलला जोडलेला नंबर ज्या फोनात आहे तो फोन. लेकराच्या जन्माचा दाखला लागत नाही, तारीख आठवली तरी पुरे. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, दुसऱ्या दिवशी दुपारी या. आणि लेकराला सोबत आणा. त्याला मी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवते आणि सगळी बटणं त्याच्याच हाताने दाबून घेते.